वारणेकाठचा मुराळी

“पाय आपटू नकोस. माशाला कान नसले तरी काठावरची पावलं त्याला कळत्यात,” हिंदुराव निकम म्हणाले आणि माझ्या चपलेपासून वीतभर अंतरावर त्यांनी तंबाखूची पिंक टाकली.

मी पाय आपटला नव्हता. चिखलात रुतलेली चप्पल ओढून काढली होती एवढंच. पण सासऱ्याशी वाद घालायला मी वारणेवर आलो नव्हतो.

“त्या दगडावर बस. आणि मांडी घालू नकोस. हे देऊळ न्हाई.”

मी बसलो. वारणा त्या ठिकाणी अंग चोरून वाहते. वर उथळ, खाली उथळ, मधे काळा डोह. ऊन अजून पाण्यावर उतरलं नव्हतं. पलीकडच्या काठावर करंजाखाली पांढऱ्या पटक्याचा एक म्हातारा आधीच गळ टाकून बसलेला होता. सवयीनं मी त्याला हात जोडले. त्यानं मान फिरवली.

“हात खाली कर,” हिंदुराव गुरगुरले. “दिसेल त्याला नमस्कार! कीर्तनातनं उठून आलास जणू.”

खरं तर तसाच आलो होतो. आदल्या दिवशी दुपारी आमच्या बुवांचं कीर्तन संपलं, तबल्यावर गवसणी घातली आणि मिळेल त्या एसटीनं निघालो. दिवसा मी सांगलीत बियाण्याच्या दुकानात असे. बाकीचा सगळा वेळ बुवांच्या मागे तबल्यावर. कीर्तन हे माझं वेड. बुवा उभे राहिले, गळ्यात हार पडला, पहिला गजर झाला की मला घरदार आठवत नसे. आणि घरदार मिळालं तेही कीर्तनानंच. हिंदुरावांच्या गावी रामनवमीच्या उत्सवाला आमचं आठवडाभर कीर्तन होतं. त्यांची शालन रोज पहिल्या रांगेत बसायची. बायका बुवांकडं बघत, ही माझ्या हातांकडं.

तिचा साखरपुडा झालेला होता. नदीपलीकडच्या सर्जेराव घोरपड्यांच्या मुलाशी. हे मला माहीत होतं, तिला तर होतंच. तरीही तिनं घरी सांगितलं की हे लग्न करणार नाही, आणि सांगलीत येऊन माझ्याशी लग्न केलं. जातीचा प्रश्न नव्हता. शेतीवाडीचाही नव्हता. हिंदुरावांनी शब्द दिला होता आणि तो पडला होता. त्यांच्यासारख्या माणसाला तेवढं पुरतं. त्यानंतर बापलेकीचं बोलणं बंद झालं.

आता शालनला दिवस गेले होते, आणि दिवस भरत आले होते. पायांवर सूज होती. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, “हिला एकटी ठेवू नका. घरात बाई माणूस हवं.” माझी आई मी लहान असतानाच गेलेली. घरात बाई माणूस म्हणजे शालनच.

“माहेरी जा,” मी म्हणालो होतो.

“कशी जाऊ? पिशवी उचलून? बाहेरनं हाक मारू, आई, मी आले म्हणून?” ती म्हणाली. “पहिलं बाळंतपण आहे माझं. मुराळी आला तर जाईन. नाहीतर इथंच काय व्हायचं ते होऊ दे.”

लेकीला सासरहून न्यायला माहेरचं माणूस येतं, त्याला आमच्याकडं मुराळी म्हणतात. त्याच्यामागून गेलेली लेक मानानं गेलेली. एकटी गेली तर टाकलेली म्हणून गेली, असं लोक धरून चालतात. शालनला भाऊ नव्हता. मुराळी यायचा तर बापच यायला हवा होता.

म्हणून शेजारी रात्रीपुरतं सांगून ठेवून मी आदल्या दिवशी त्यांच्या अंगणात उभा राहिलो. जावयाला ‘अहो’ म्हणायची रीत. हिंदुरावांनी ‘अरे’ म्हणून ती माझ्या तोंडावर मोडली. बसा म्हणाले नाहीत. दारात मामी, म्हणजे शालनची आई, पदर तोंडात धरून उभ्या होत्या. मी सगळं सांगितलं. हिंदुराव गळाच्या दोऱ्याला गाठ मारत होते. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांना तेवढाच नाद होता. गाठ पुरी झाल्यावरच त्यांनी वर बघितलं.

“गळ्यात माळ हाय तुझ्या.”

“आहे.”

“मासा धरशील?”

“मामा, मी…”

“उद्या नदीवर ये. गळानं एक मासा काढून दाखव. काढलास तर मी स्वतः मुराळी येतो. न्हाई काढलास तर या घरातलं कुणी बी तिला आणायला जायचं न्हाई, आणि पुन्हा हा विषय माझ्यापुढं निघायचा न्हाई. शब्द म्हंजे शब्द.”

मी माळेसाठी मागं फिरेन, या खात्रीनं ते बोलले होते. मी क्षणभर डोळे मिटले.

“धरीन,” म्हणालो. “मारणार नाही, खाणार नाही. पण धरीन.”

मामींच्या तोंडातून पदर सुटला. हिंदुराव उठले, आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. रात्री मी मारुतीच्या देवळात झोपलो. मामींनी शेजारच्या बाईबरोबर भाकरी पाठवली.

तर असा मी त्या दगडावर बसलो होतो.

त्यांनी माझ्या हातात एक काठी दिली. बांबूची, तेल पिऊन काळपट झालेली, अंगावर पितळेच्या कड्या, बुडाशी दोरा गुंडाळायचं रीळ. त्यांच्या स्वतःच्या काठीहून ही कितीतरी देखणी होती. मी नवलानं बघत राहिलो.

“बघत काय बसलास? ह्या कड्यांतनं तंगूस, म्हंजे गळाचा दोरा, जातोय. हे शिसं, म्हंजे गळ बुडतोय. आणि हा मोरपिसाचा देठ, हा वर तरंगतोय. मासा खाली तोंड लावतो ते ह्या देठाला कळतं. तुला कळायची गरज न्हाई.”

गांडुळांचा डबा त्यांनी मुद्दाम माझ्या नाकाखाली धरला. मी मान हलवली.

“वाटलंच. ही घे पेंड. शेंगदाण्याची पेंड आणि कणीक. सोवळ्यातलं आमिष. मासा बी तुला वारकरीच गावणार.”

पहिल्यांदा टाकला तो गळ मागच्या बाभळीत अडकला. दुसऱ्यांदा माझ्याच धोतरात. पलीकडून खोकल्यासारखा आवाज आला. पटकेवाला म्हातारा हसत होता. हिंदुरावांनी तिकडं बघितलंसुद्धा नाही, पण त्यांची मान ताठ झाली.

“लाज काढ माझी. काढ. सवय हाय तुमच्या घराला.”

तिसऱ्यांदा गळ कसाबसा पाण्यात पडला. देठ उभा राहिला. मी काठी दोन्ही हातांत धरून बसलो, मनात नाम घेत. थोड्याच वेळात देठ थरथरू लागला. टुक टुक, टुकटुक टुक.

“मामा, लागला!”

हिंदुराव वाकून बघत राहिले. मग त्यांची नजर देठावरून दोऱ्यावर आली, दोऱ्यावरून काठीवर, काठीवरून माझ्या बोटांवर.

“बोटं थांबीव.”

मी बघितलं. माझी बोटं काठीच्या बुडावर धुमाळीचा ठेका धरून चालली होती. नाम मनात, ठेका बोटांत. मला पत्ताच नव्हता.

“अरे तबलजी,” ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला, “चार कोसांवरचा मासा पळवलास की रं! ह्याच बोटांनी माझी पोरगी नासवलीस, आता नदी नासवतोस?”

“नासवली म्हणू नका, मामा.”

“मग काय म्हणू? आरती ओवाळू?”

“मला काय म्हणायचं ते म्हणा. तिला नको.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. पेंडेची नवी गोळी वळून माझ्या हातावर जवळजवळ आपटली.

त्यानंतर मी बोटं काठीभोवती करकचून आवळली आणि नाम घेणंही थांबवलं. देवाला म्हटलं, आता तूच माझं नाम घे. ऊन चढलं. मानेवर चटका बसू लागला. देठ दोनदा हलला आणि दोन्ही वेळा मी घाईनं काठी उचलली. गळ रिकामा बाहेर आला.

“खाऊ दे की आधी! पंगतीत ताट वाढायच्या आधी उठवतोस का पावण्याला?”

“तुम्ही सांगा, कधी उचलायचं ते.”

“मी का सांगू? पैज तुझी हाय.”

पलीकडचा म्हातारा मधेच एखादा मासा काढायचा, निरखायचा आणि टोपलीत टाकायचा. हिंदुराव त्याच्याकडं न बघता त्याचे मासे मोजत असावेत, कारण दर वेळी त्यांच्या तोंडून बारीक शिवी निघायची. दोघं समोरासमोर बसले होते आणि दोघांमधे फक्त पाणी होतं. मला वाटलं, शेतीच्या बांधावरून असते तशी ही काहीतरी नदीची भांडणं असतील.

दुपार झाली. मामींनी दिलेली भाकरी हिंदुरावांनी एकट्यानं खाल्ली. मी खाल्लं नसतं, पण विचारलंही नाही. आणि तेवढ्यात देठ आडवा झाला.

थरथरला नाही, बुडला नाही. पाण्यावर आडवा झोपला.

माझे हात उचलायला निघाले.

“न्हाई,” हिंदुराव म्हणाले. ते भाकरीचा हात तसाच ठेवून उठले होते. “न्हाई… थांब… थांब…”

देठ सरकू लागला. तिरका, हळूहळू, कुणी बोट धरून नेतंय तसा. कीर्तनात बुवा तान घेऊन लांब निघून जातात आणि तबलजीनं हात वर धरून समेची वाट बघायची असते. थोडं आधी पडलं तरी गेलं, थोडं नंतर पडलं तरी गेलं. मला ते ठाऊक होतं. फक्त सम कुठं आहे ते ठाऊक नव्हतं.

“आता!”

मी उचलली. काठी वाकली, आणि मग मला जी ओढ लागली ती मी आजवर विसरलेलो नाही. रीळ किंचाळत फिरलं. रिळाची मूठ बोटांना लागली, रक्त आलं.

“कटला मासा हाय! सोड त्याला, पळू दे. ओढू नकोस, तुटंल! पळू दे… आता आवळ. अरे आवळ!” हिंदुराव विसरूनच गेले होते की पैज त्यांच्याविरुद्ध आहे. ते माझ्या खांद्यामागं उभे राहून ओरडत होते, आणि खांद्यावर त्यांचा हात होता.

मासा डोहाच्या मधे गेला. तिथून तो पलीकडं वळला, आणि अचानक माझ्या दोऱ्याला दुसरीच ओढ लागली. समोरचा पटकेवाला उठून उभा राहिला. त्याचा दोरा आणि माझा दोरा एकमेकांत गुंतले होते.

“ए!” तो ओरडला. “दोरा काप तुझा!”

हिंदुरावांचा हात माझ्या खांद्यावरून निघाला.

“नदीचा कायदा इसरला वाटतं कुणी,” ते मोठ्यानं म्हणाले, पण आभाळाकडं बघून. “ज्याच्या गळाला मासा, त्याचा दोरा राहतो. दुसऱ्यानं कापायचा.”

“कायदा कोण सांगतोय? शब्द मोडणारा?”

“सर्जा, तोंड सांभाळ!”

सर्जा. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हाच सर्जेराव घोरपडे. ज्याच्या घरची सून शालन व्हायची होती, तो.

“आणि काठी कुणाची हाय ती त्याच्या हातात?” सर्जेराव काठावर पुढं आले. “माझी काठी! तुझ्या घरात राह्यली ती राह्यली, म्हटलं, लागल तवा हिंद्या आणून दिल. आणि तू ती ह्याच्या हातात देतोस? ह्याच्या?”

“तू न्यायला आलास का कधी?”

“मी यायचं? मी? उंबऱ्यावरनं साखर परत फिरली ती माझ्या, का तुझ्या?”

मी मधे काठी धरून उभा. मासा ओढत होता, दोरा तटतटत होता, आणि दोन म्हातारे नदीच्या दोन काठांवरून एकमेकांचे वाडवडील उद्धरत होते. त्या शिव्यांतूनच मला कळत गेलं. आयुष्यभर हे दोघं एकाच काठावर, अशाच दोन दगडांवर शेजारी बसून गळ टाकत होते. सर्जेराव नावेनं अलीकडं यायचे. व्याही व्हायचं ठरलं तेही ह्याच दगडांवर. मी ज्या दगडावर सकाळपासून बसलो होतो तो सर्जेरावांचा होता. शालननं लग्न मोडलं आणि सर्जेरावांनी पलीकडं बसायला सुरुवात केली. नदी सोडली नाही. समोरची जागाही सोडली नाही.

“काप म्हणतो ना दोरा!” सर्जेराव ओरडले.

“कापू नकोस,” हिंदुराव मला म्हणाले. त्यांना आता मासा नको होता, मीही नको होतो. त्यांना फक्त हरायचं नव्हतं.

माझ्याच्यानं राहवलं नाही. बुवांच्या मागं बसून गजर करणारा गळा आहे माझा. मी तो सगळा लावला.

“काका! हा मासा काढला तर हे शालनला बाळंतपणाला घरी आणणार आहेत! नाही काढला तर आणणार नाहीत! तिच्याजवळ कुणी नाही हो, काका! पायाला सूज आहे तिच्या!”

“गप!” हिंदुरावांनी माझा दंड धरला. “घरातलं नदीला सांगतोस?”

पलीकडं सर्जेराव तसेच उभे होते.

“शालनला?” त्यांनी विचारलं. एवढ्या लांबून हळू बोललेलं ऐकू येत नाही, पण नदीवर येतं.

“शालनला.”

ते वाकले. टोपलीतून सुरी काढली आणि स्वतःचा दोरा कापला.

माझ्या काठीवरचं ओझं एकदम हलकं, मोकळं झालं. मासा आता माझा होता. आणि माझं ऊर भरून आलं. ज्या माणसाच्या घरातून मी सून उचलली, त्यानं माझ्यासाठी दोरा कापला होता. मला दुसरं काही सुचलं नाही. काठी काखेत सारली आणि मी त्यांना दोन्ही हात जोडले.

दोरा सैल पडला. मासा एकदाच वर आला, उन्हात त्याची रुपेरी कूस पालटली, आणि पाणी मिटलं. मी काठी धरली तेव्हा ती नुसती काठी होती.

मग हिंदुराव म्हणाले, “गेला.”

“मामा…”

“नमस्कार करायला देऊळ थोडं होतं तुला?”

“मामा, माझं चुकलं. पण तिचं काय चुकलं?”

त्यांचा चेहरा क्षणभर हलला. मला वाटलं, आता विरघळतील. कीर्तनात इथंच आख्यान वळतं. पण हिंदुराव कीर्तनाला कधी बसले नव्हते. ते खाली बसले, माझ्या हातातून काठी घेतली आणि धोतराच्या सोग्यानं तिच्या पितळेच्या कड्या एकेक करून पुसू लागले.

“एक शब्द पडला माझा. त्याची भरपाई अजून देतोय,” ते काठीकडं बघत म्हणाले. “दुसरा पाडणार न्हाई. जा तू.”

सांगलीला जाऊन मी शालनला सगळं सांगितलं. मासा सोडला ते सांगितलं तेव्हा ती हसली, अगदी पोट धरून हसली, आणि हसता हसता भिंतीकडं तोंड करून झोपली. पुन्हा माहेराचं नाव तिनं काढलं नाही. मी शेजारच्या आजीबाईंना हातापाया पडून ठेवलं, दुकानातून रजा घेतली, बुवांना निरोप धाडला की पुढचं कीर्तन दुसऱ्या तबलजीवर करा.

त्याच आठवड्यात सकाळी दारापुढं जीप थांबली. पांढरा पटका आधी उतरला, मग सर्जेराव. त्यांनी माझ्याकडं बघितलं, नमस्कार करतोय का म्हणून बहुधा. मी हात पाठीमागं धरले.

“आत या, काका.”

“आत यायला न्हाई आलो. पाणी नको, चहा नको. शालन कुठाय?”

शालन दारात आली. त्यांना बघून तिचा चेहरा पांढरा पडला. लहानपणी ह्यांच्याच नावेत बसून तिनं नदी पार केली होती, आणि ह्यांच्याच घरची साखर परत केली होती. ती कशीबशी पुढं झाली आणि वाकू लागली.

“वाकू नकोस!” ते खेकसले. “ह्या दिवसांत वाकत्यात का? कुणी शिकवलं न्हाई तुला?”

“काका, तुम्ही…”

“मुराळी आलोय.”

आम्ही दोघंही नुसते बघत राहिलो.

“असं काय बघतायसा? हिंद्यानं शब्द दिलाय, त्याच्या घरातलं कुणी येणार न्हाई. सगळ्या नदीनं ऐकलाय. त्याचा शब्द त्याच्यापाशी. मी काय त्याच्या घरातला न्हाई. तसं तू ठेवलंच न्हाईस.” एवढं बोलून त्यांनी तोंड दुसरीकडं फिरवलं. “पिशवी आण. ऊन व्हायच्या आत पोचायचं हाय.”

वाटेत खड्डा आला की ड्रायव्हरला त्यांची शिवी बसायची. शालन मागं माझ्या खांद्याला टेकली होती. मी मनात नाम घेत होतो, पण जरा जपूनच.

हिंदुराव अंगणात खाट टाकून बसले होते. जीप थांबली, सर्जेराव उतरले. त्या अंगणात पुन्हा पाऊल ठेवायला त्यांना किती जड गेलं असेल ते मी त्यांच्या पाठीवरून बघितलं. मग त्यांनी शालनला हात देऊन उतरवलं. घरातून मामी धावत आल्या, भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन, आणि उंबऱ्याबाहेर लेकीला उभं करून त्यांनी तो तुकडा ओवाळला. तुकडा त्यांनी लांब टाकला. पण शालन उंबऱ्यातच उभी राहिली. बापानं काही म्हटल्याशिवाय ती आत जाणार नव्हती, आणि मामींना म्हणायचं धाडस नव्हतं.

“तू कशाला आलास?” हिंदुरावांनी विचारलं. लेकीकडं न बघता, सर्जेरावांना.

“मुराळी गेलतो.”

“कुणी सांगितलं तुला?”

“तुला इचारून जायचं व्हतं?”

“माझ्या लेकीचा मुराळी तू?”

“मग कोण? तू बसलास खाटंवर, शब्द कुरवाळत.” सर्जेरावांनी पटका काढला, घाम पुसला. “बरं. ते ऱ्हाऊ दे. मुराळी ऊनातनं आला तर त्याला पाणी इचारायची रीत हाय का न्हाई ह्या घरात? का ती बी मोडली?”

हिंदुराव गुडघ्यांवर हात ठेवून उठले. सर्जेरावांच्या अगदी शेजारून गेले, थांबले नाहीत. उंबऱ्याशी आले. शालन वाट अडवून उभी होती. त्यांनी तिच्याकडं बघितलं, तिच्या सुजलेल्या पायांकडं बघितलं.

“उंबऱ्यात काय उभी राह्यलीस? आत हो,” ते ओरडले. “पावण्याला पाणी द्यायचंय मला.”